पाणी न मागणारी बॅटरी

बी. एस्सी. तृतीय वर्ष (रसायनशास्त्र)

आमच्या काकांचे बॅटरी चार्जिंगचे दुकान आहे. ट्रॅक्टर, ट्रक, घरातले इन्व्हर्टर अशा सगळ्यांच्या शिशाच्या बॅटऱ्या तेथे येतात. झाकणे काढावीत, हायड्रोमीटर बुडवून ॲसिडची घनता पाहावी, कमी असेल तेथे डिस्टिल वॉटर घालावे आणि रात्रभर चार्जिंगला लावावे, हा काकांचा तीस वर्षांचा परिपाठ. बैलहोंगलकडून येणारे शेतकरी दारातूनच विचारतात, "नीर हाकबेकेन्री?" म्हणजे पाणी घालायला हवे का? आमच्या दुकानाचा निम्मा व्यवसाय या एका प्रश्नावर चालत आला आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या माणसाने विजेवरच्या स्कूटरची बॅटरी दुकानात आणून ठेवली. तिची एक बाजू फुगून वर आली होती. काकांनी ती चारी बाजूंनी न्याहाळली. कोठे झाकण नाही, बूच नाही. त्यांनी मला हाक मारली. "काय गं, ह्यात पाणी कुठनं घालायचं?"

मी हसून म्हणाले, "काका, ही लिथियमची. ह्यात पाणी नसतंय."

"मग काय असतंय?"

"इलेक्ट्रोलाइट."

"नाव नको सांगू. ते आत बसून करायलंय काय, ते सांग. कॉलेजात शिकायलीस की तू!"

मला सांगता येईना. विद्युत् रसायनाच्या पेपरात मला चांगले गुण होते. परंतु ते उत्तर दुकानाच्या फळीवर उपयोगी पडणारे नव्हते. त्या फुगलेल्या बॅटरीला स्क्रू-ड्रायव्हर लावायला काका निघाले होते, एवढे मात्र मी थांबवले. नंतर वाचनालयात बसून, प्राध्यापकांना विचारून जे समजले ते येथे लिहीत आहे. काकांना द्यावयाचे राहिलेले हे उत्तरच समजावे.

शिशाच्या बॅटरीत पाणी का घालावे लागते?

आरंभ ओळखीच्या ठिकाणापासून करू. पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे विघटन होण्यास तात्त्विकदृष्ट्या १.२३ व्होल्ट पुरतात. शिशाच्या बॅटरीतील प्रत्येक घट मात्र सुमारे २.१ व्होल्टचा असतो. मग आतले पाणी क्षणात फुटून का जात नाही? कारण शिशाच्या पृष्ठभागावर हे दोन्ही वायू तयार होण्याची क्रिया अत्यंत सावकाश चालते. म्हणजे ही बॅटरी पाण्याच्या आळशीपणावर जगते! चार्जिंग संपत आले आणि घटाचा दाब २.४ व्होल्टच्या आसपास गेला की हा आळस संपतो, बुडबुडे येऊ लागतात आणि पाणी कमी होते. काका जे पाणी घालतात ते या नासाडीची भरपाई असते.

यातून एक मोठे तत्त्व मिळते. दोन ध्रुवांमधील द्राव सतत दोन बाजूंच्या ओढीत सापडलेला असतो. ऋण ध्रुव त्याच्यावर इलेक्ट्रॉन लादतो, म्हणजे त्याचे क्षपण करू पाहतो. धन ध्रुव त्याचे इलेक्ट्रॉन हिसकावतो, म्हणजे ऑक्सिडीकरण करू पाहतो. व्होल्ट जितके जास्त, तितकी ही ओढाताण तीव्र. शिशाच्या बॅटरीत हरलेला द्राव बाहेरून भरून काढता येतो. बंद बॅटरीत ती सोय नाही. तेथे द्रावाला स्वतःच टिकून राहावे लागते.

लिथियमचा मोह

एवढी ओढाताण पत्करून लिथियम कशासाठी? मूलद्रव्यांच्या कोष्टकातील हा सर्वांत हलका धातू. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला ०.५३४ ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ निम्मी. हायड्रोजनच्या तुलनेत त्याचे विभव उणे ३.०४ व्होल्ट, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन टाकण्यास तो अतिशय उतावीळ. एक ग्रॅम लिथियम ३८६० मिलिॲम्पिअर-तास इतका विद्युत् भार देऊ शकतो. आजच्या फोनमध्ये व स्कूटरमध्ये ऋण ध्रुवावर सामान्यतः ग्रॅफाइट असते. त्याची क्षमता ग्रॅमला ३७२, म्हणजे दहावा हिस्सा.

तरीही ग्रॅफाइट का वापरतात, याला इतिहास आहे. १९७६ साली स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेत एक्झॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत लिथियम धातू आणि टायटॅनियम डायसल्फाइड यांची पुनःपुन्हा चार्ज होणारी बॅटरी जगापुढे मांडली. तिचा दाब दोन व्होल्टच्या थोडा वर होता. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी धन ध्रुवासाठी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरून तो चार व्होल्टवर नेला. लिथियम धातूची आग लागण्याची भीती मात्र गेली नाही. १९८९ साली कॅनडातील एका कंपनीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या फोनमध्ये पेटल्या आणि माल परत मागवावा लागला. त्याआधीच, १९८५ साली, जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी धातू काढून टाकून त्या जागी कार्बन ठेवला. लिथियमचे आयन कार्बनच्या थरांत जाऊन बसतात, धातू म्हणून साचत नाहीत. १९९१ साली सोनीने अशी बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे सुरक्षिततेसाठी आपण दहापैकी नऊ भाग क्षमता सोडून दिली. ती परत मिळवावयाची तर प्रथम लिथियमला आग का लागत होती हे पाहिले पाहिजे.

बशीतील झाड

हे समजण्यासाठी माझ्या कन्नड भाषिक मैत्रिणीने व मी प्रयोगशाळेत एक सोपा प्रयोग केला. काचेच्या उथळ बशीत झिंक सल्फेटचे द्रावण घेतले, दोन तारा बुडवल्या आणि नऊ व्होल्टची छोटी बॅटरी जोडली. काही मिनिटांत ऋण तारेवर जस्ताचा थर बसू लागला. पण तो गुळगुळीत बसेना. नेच्याच्या पानासारख्या फांद्या फुटत फुटत समोरच्या तारेकडे निघाल्या. मैत्रीण म्हणाली, "गिडा!" कन्नडमध्ये गिडा म्हणजे रोप. अगदी रोपच होते ते.

याचे कारण असे, की पृष्ठभागावर कोठे बारीकसा उंचवटा आला तर तेथे विद्युत् क्षेत्र दाटते व आयनांनाही तेथे पोचणे सोपे जाते. त्यामुळे उंचवटा इतरांपेक्षा लवकर वाढतो, आणि वाढला म्हणून आणखी लवकर वाढतो. लिथियमच्या बॅटरीत चार्जिंगच्या वेळी हेच घडते. या फांद्यांना डेंड्राइट म्हणतात. फांदी मधला पडदा भेदून पलीकडे टेकली की आतल्या आत शॉर्ट होतो, उष्णता वाढते आणि ज्वालाग्राही द्राव पेट घेतो.

सर्वच फांद्या पलीकडे पोचत नाहीत. काही बॅटरी वापरताना बुडाशी विरघळून तुटतात आणि द्रावात सुट्या पडतात. हा "मृत लिथियम". तो असतो, पण उपयोगी पडत नाही. शॉर्ट झाला नाही तरी बॅटरी अशी हळूहळू मरते.

स्थिर द्राव म्हणजे काय? माझा एक गैरसमज

माझी समजूत होती की उत्तम इलेक्ट्रोलाइट म्हणजे लिथियमशी मुळीच क्रिया न करणारा. असा द्राव शोधला की प्रश्न सुटला! वाचताना कळले, की ही समजूत मुळातच चुकीची आहे. लिथियम आयनांना विरघळवून ठेवील आणि लिथियम धातूपुढे मुळीच न तुटेल असा व्यवहारात चालणारा द्राव सापडलेला नाही. द्राव तुटतोच. प्रश्न एवढाच, की तुटल्यावर मागे काय उरते.

दूध तापवून ठेवले की वर साय धरते आणि खालच्या दुधाला झाकते. लिथियमवर पहिल्याच क्षणी असाच एक पापुद्रा धरतो, द्रावाच्या तुटलेल्या रेणूंचा. इस्रायलचे शास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ साली या पापुद्र्याची उपपत्ती मांडली. हा पापुद्रा लिथियमच्या आयनांना जाऊ देतो, परंतु इलेक्ट्रॉनना अडवतो. इलेक्ट्रॉन अडले की पुढचा द्राव तुटणे थांबते. म्हणजे थोडासा द्राव तुटून उरलेल्याचे रक्षण करतो.

याचे सुंदर उदाहरण ग्रॅफाइटच्या इतिहासातच आहे. प्रॉपिलीन कार्बोनेट आणि इथिलीन कार्बोनेट हे दोन द्रावक म्हणजे सख्खी भावंडे. फरक केवळ एका मिथिल गटाचा. प्रॉपिलीन कार्बोनेट कडाक्याच्या थंडीतही द्रवरूप राहते. इथिलीन कार्बोनेट ३६ अंश सेल्सियसच्या खाली घट्ट होते. कोणीही पहिल्याचीच निवड करील. परंतु प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये ग्रॅफाइटचे थर सुटून त्याचा भुगा होतो, तर इथिलीन कार्बोनेटमध्ये चांगला पापुद्रा धरून ग्रॅफाइट शाबूत राहते. म्हणून गैरसोयीचे इथिलीन कार्बोनेट दुसऱ्या पातळ द्रावकात मिसळून वापरतात. भावंडांतील निवड त्यांच्या गुणांवरून झाली नाही. ती त्यांच्या अवशेषांवरून झाली.

मात्र ग्रॅफाइटला पुरणारा पापुद्रा लिथियम धातूला पुरत नाही. ग्रॅफाइट चार्जिंगच्या वेळी जेमतेम फुगते. धातूचा थर मात्र दर वेळी नव्याने साचतो आणि नव्याने विरघळतो. पापुद्रा तडकतो, तडीतून ताजा लिथियम उघडा पडतो, पुन्हा द्राव तुटतो, पुन्हा थोडा लिथियम खर्ची पडतो. शिवाय त्या तडीतूनच नवी फांदी फुटते. येथे लिथियम फ्लुओराइडने समृद्ध असा पापुद्रा चांगला ठरतो. तो इलेक्ट्रॉनना नीट अडवतो, आणि लिथियम धातू त्याला फारसा चिकटत नसल्यामुळे त्याला भेदून वर येण्याऐवजी खाली पसरतो.

दोन टोकांची ओढाताण

आता धन ध्रुवाकडे वळू. तेथे जितके अधिक व्होल्ट, तितकी त्याच विद्युत् भारातून अधिक ऊर्जा. निकेलयुक्त ऑक्साइडे ४.३ व्होल्ट वा त्याहून अधिक दाबापर्यंत चार्ज करतात. निकेल-मँगेनीजचे एक संयुग सुमारे ४.७ व्होल्टवर चालते.

ईथर वर्गातील द्रावक, उदाहरणार्थ डायमेथॉक्सीईथेन, लिथियमशी बऱ्यापैकी सलोख्याने राहतात. परंतु चार व्होल्टच्या आसपास धन ध्रुव त्यांचे ऑक्सिडीकरण करू लागतो. कार्बोनेट वर्गातील द्रावक धन ध्रुवावर अधिक तग धरतात. परंतु लिथियमवर त्यांचा पापुद्रा ठिसूळ होतो. एक माहेरी चांगला, दुसरा सासरी!

लवणाचीही अशीच अडचण आहे. नेहमीचे लवण लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट. त्याला पाण्याचा अंश लागला की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते, आणि ते धन ध्रुवातील धातूंचे आयन विरघळवते. "ह्यात पाणी कुठनं घालायचं" या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते: पाणी हे या बॅटरीचे विषच आहे, ती भरतात तीसुद्धा अत्यंत कोरड्या हवेच्या खोलीत. फ्लुओरीनयुक्त इमाइड लवणे पाण्याला इतकी भीत नाहीत, परंतु विरळ द्रावणात ती धन ध्रुवाची ॲल्युमिनियमची पातळ पट्टी कुरतडतात.

तीन वाटा

पहिली वाट संहतीची. हिशेब करून पाहा. एक लीटर डायमेथॉक्सीईथेनमध्ये सुमारे साडेनऊ मोल रेणू असतात. त्याच्या प्रत्येक रेणूत दोन ऑक्सिजन अणू आहेत आणि लिथियम आयनाला आपल्याभोवती साधारण चार सोबती लागतात. म्हणजे एका आयनामागे दोन रेणू अडकतात. द्रावण १ मोलरचे असेल तर बहुतेक रेणू मोकळे राहतात. ४ मोलरचे केले तर मोकळा रेणू जवळजवळ उरत नाही, आणि लवणाचा ऋण आयनही लिथियमला येऊन चिकटतो. याचे दोन परिणाम होतात. अडकलेल्या ईथरचे इलेक्ट्रॉन लिथियमने धरलेले असल्यामुळे ते सहज हिसकावता येत नाहीत. म्हणून ते अधिक व्होल्ट सोसते. आणि ऋण ध्रुवावर ईथरऐवजी फ्लुओरीनयुक्त ऋण आयन आधी तुटतो व लिथियम फ्लुओराइडचा पापुद्रा देतो. ॲल्युमिनियम कुरतडणेही आटोक्यात येते. २०१५ साली अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने याच ईथरमध्ये इमाइड लवणाचे ४ मोलर द्रावण वापरून ९९.१ टक्के लिथियम परत मिळवून दाखवला.

पण सरबताचा पाक झाला की तो ओतायला जड जातो. असा दाट द्राव पडद्यात नीट मुरत नाही, आयन सावकाश चालतात, आणि लवण महाग असते.

दुसरी वाट याच प्रयोगशाळेने २०१८ साली काढली. दाट द्रावणात त्यांनी एक फ्लुओरीनयुक्त ईथर मिसळले. ते लिथियमला धरीत नाही व लवणही विरघळवत नाही, पण द्रावणात मिसळते. त्यामुळे एकंदर द्राव पातळ होतो, तरी लिथियमभोवतीची दाटी तशीच राहते. जत्रेचे मैदान मोठे केले तरी देवळाच्या दारातील गर्दी हटत नाही, तसे.

तिसरी वाट रेणूच नवा घडविण्याची. २०२० साली स्टॅन्फर्डच्या संशोधकांनी ईथरची साखळी लांबवून तिच्या मधल्या दोन कार्बनांवर फ्लुओरीन बसवले. फ्लुओरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो, म्हणून धन ध्रुवाचा मारा सोसतो. ऑक्सिजन मात्र कडेला मोकळे राहतात, म्हणून लिथियमला धरता येते. या द्रावात साध्या १ मोलर संहतीलाही सुमारे ९९.५ टक्के लिथियम परत मिळाला.

तिन्ही वाटांमागे विचार एकच. कोणी तरी तुटणारच आहे. तर कोणी तुटावे, कोठे तुटावे आणि तुटून काय मागे ठेवावे हे आपण आधी ठरवावयाचे.

९९ टक्के म्हणजे नापास

परीक्षेत ९९ टक्के मिळाले तर घरी पेढे वाटतात. बॅटरीत मात्र तो निकाल नापासाचा आहे. दर फेरीला ९९ टक्के लिथियम परत मिळाला तर शंभर फेऱ्यांनंतर ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्केच उरतो. ९९.५ टक्के असेल तर सुमारे ६१. हजार फेऱ्यांनंतर ८० टक्के उरावा अशी अपेक्षा असेल, तर दर फेरीला ९९.९८ टक्के परत यायला हवा. गणकयंत्रावर पडताळून पाहावे.

म्हणूनच "आमची बॅटरी पाचशे फेऱ्या चालली" असे वाचले की आणखी दोन प्रश्न विचारावेत. पहिला: लिथियम किती होता? दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिॲम्पिअर-तास साठवण्यास लिथियमचा सुमारे ४.८५ मायक्रॉन जाडीचा थर पुरतो. धन ध्रुव चारचा असेल तर वीस मायक्रॉन पुरे. प्रयोगशाळेत मात्र अनेकदा २५० ते ४५० मायक्रॉन जाडीची पट्टी वापरतात. गळक्या टाकीला विहीर जोडली तर गळती कळणार कशी? दुसरा प्रश्न: द्राव किती होता? खऱ्या बॅटरीत दर ॲम्पिअर-तासाला तीन ग्रॅमच्या आसपास द्रावावर भागवावे लागते. प्रयोगात त्याच्या कितीतरी पट ओतला, तर तो तुटत राहिला तरी संपत नाही. काका पाणी घालतात तसेच ते झाले, फक्त आधीच घालून ठेवलेले!

शिल्लक अडचणीही लहान नाहीत. फ्लुओरीनयुक्त द्रावक महाग आहेत, आणि त्यांपैकी अनेक निसर्गात सहजी कुजत नाहीत. एका टोकाला उपयोगी पडणारा घटक दुसऱ्या टोकाला बाधतो. उन्हाळ्यात चालणारे हिवाळ्यात मंदावते.

काकांना दिलेले उत्तर

हे सगळे मी काकांना दुकानात बसून सांगितले. स्कूटरच्या त्या बॅटरीत बहुधा ग्रॅफाइट होते, लिथियम धातू नव्हता. पण द्राव तुटण्याची गोष्ट तीच. ती फुगली होती कारण आतला द्राव तुटून वायू झाला होता आणि बाहेर जायला त्याला वाट नव्हती. तिला छिद्र पाडले असते तर आतली ज्वालाग्राही वाफ बाहेर आली असती, शॉर्ट झाला असता. काकांच्या मनगटावर ॲसिडचा जुना डाग आहे. येथे डागावर निभावले नसते. वाचकांनाही माझी विनंती आहे: फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, चार्जिंगला लावू नये.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आमच्यात पाणी जातंय म्हणून घालायचं. ह्यात जाऊच नये म्हणून आधीच साय धरायला लावायची."

मी म्हटले, "होय की, काका."

"मग दुरुस्तीवाल्याचं काम काय उरलं?"

याचे उत्तर माझ्या वाचनात नव्हते. लिथियमच्या बॅटऱ्या खेड्यापाड्यांत येत आहेत. त्या सुरक्षितपणे तपासणे, घटांचा दाब मोजणे, खराब बॅटरी वेगळी काढून योग्य जागी पोचवणे, हे कोणाला तरी शिकावे लागेल, आणि शिकवावेही लागेल. त्या बॅटरीच्या मालकाला काकांनी ती विकणाऱ्याकडेच परत पाठवले व दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी व्होल्टमीटर पुढे ठेवून मला म्हणाले, "बस इथं. चार व्होल्ट कुठं थांबवायचं ते दाखव." आता दर रविवारी आमचा तास भरतो.